वहिनींच्या प्लॉटमधली बस

गावातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर पेट्रोल पंप ओलांडला की डाव्या हाताला वहिनींचं घर. घर कसलं, तीन खोल्या. पण त्या तीन खोल्यांभोवतीचा प्लॉट एवढा मोठा होता की रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी मैदानात येऊन घर विसरून गेलंय.

प्लॉट घेतला होता वहिनींच्या नवऱ्यानं. तो पाणीपुरवठ्यात होता, पाइपलाइनचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे हे त्याचं काम. त्या काळी गावाच्या या टोकाला कुत्रंसुद्धा फिरकत नसे, म्हणून जागा परवडली. मधोमध मोठं घर बांधायचं, मागे झाडं लावायची, असा सगळा बेत होता. तोवर राहायला म्हणून कोपऱ्यात तात्पुरत्या तीन खोल्या काढल्या. लेक त्या तात्पुरत्या घरातच जन्मली, तिथंच शिकली, तिथूनच लग्न होऊन शहरात गेली. मोठं घर कुठं येणार हे वहिनींना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, कारण नवरा दर वेळी वेगळीकडे बोट दाखवायचा.

नवऱ्याला सगळं गाव दादा म्हणे, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. ज्यांनी आजी म्हणायचं ती पोरंही वहिनीच म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन होतं. शाळेचे गणवेश, पडदे, पँटची उंची कमी करणं, कुणी जाडं झालं की शिवण उसवून वाढवणं, हे त्यांचं काम. कापड दातात धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे रागावल्या तरी अर्धा राग कापडातच राहायचा.

आणि राग यायला कारणं होती. दादांच्या जिभेला ‘नाही’ हा शब्द जमतच नसे. गवंडी यायचा, “दादा, फळ्या ठेवू का चार दिवस?” शाळेचा शिपाई यायचा, “मोडके बाक आहेत, पावसात भिजतायत.” दादा फाटक उघडून द्यायचे.

“आपलं घर आहे की गोदाम?” वहिनी विचारायच्या.

“पडून तर आहे जागा. आपलं काय जातं?”

बहुतेकांनी आपापल्या वस्तू उशिरा का होईना नेल्या. राहिली ती बस.

बस दादांच्या मित्राची होती. मित्र स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, आणि गर्दी असली की कंडक्टरही स्वतःच. हे गाव ते शहर अशा रोज दोन फेऱ्या मारायचा. वहिनींची लेक कॉलेजला त्याच बसनं जायची. पोरगी स्टॉपवर दिसली नाही तर तो गाडी थांबवून हॉर्न वाजवत बसे आणि बाकीचे पॅसेंजर शिव्या घालत. मग एके दिवशी चढावर इंजिन बसलं. ट्रॅक्टरनं ओढून गाडी दादांच्या प्लॉटमध्ये आणून लावली.

“वहिनी, आठ दिवसांचा प्रश्न आहे,” तो ओशाळून म्हणाला. “पार्ट आला की घेऊन जातो.”

पार्ट काही आला नाही. त्या गाडीचे पार्ट बनणंच बंद झालं होतं, हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळल्यावरही त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. तो दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला. बसच्या टायरमधली हवा गेली, गाडी एका अंगाला कलली, चाकांत गवत वाढलं. पण सुट्टी मिळाली की तो यायचा, बादलीभर पाणी घेऊन काचा पुसायचा, आतून झाडून काढायचा आणि जायचा.

वहिनी त्याला भाऊजी म्हणत. तो घरात कधी आला नाही. पायरीपाशी उभा राहून विचारायचा, “वहिनी, शहराकडे चाललोय, काही आणायचंय?” त्या म्हणायच्या, “नको.” मग आठवून म्हणायच्या, “काळा दोरा मिळाला तर बघा.” आणि तो दोरा आणायचा, हमखास चुकीच्या जाडीचा. वहिनींनी कधी सांगितलं नाही. त्या दोऱ्याची एक पूर्ण बरणी भरली होती.

दादा गेले ते अचानक, जेवता जेवता. सगळी धावपळ भाऊजींनी केली. डॉक्टर, गाडी, लेकीला फोन, मंडप. सगळं उरकल्यावर घर रिकामं झालं तेव्हा ते पायरीशी उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, बसचं बघतो मी आता. तुम्हाला उगाच अडचण.”

“असू द्या,” वहिनी म्हणाल्या.

त्यांच्याही जिभेला एव्हाना ‘नाही’ हा शब्द जमेनासा झाला होता.

दादांना जाऊन काही वर्षं झाली. भाऊजींची नजर अधू झाली आणि ट्रक सुटला. ते मुलाकडे राहायचे. मुलगा फरशीच्या दुकानात कामाला, दोन खोल्या भाड्याच्या, बायको, आणि आता जुळं झालेलं. हे सगळं वहिनींना तुटक तुटक ठाऊक होतं. एका सकाळी त्या मशीनवर बसल्या, खिडकी उघडली, आणि समोर बसच्या आरशाच्या दांडीला एक शर्ट वाळत घातलेला दिसला. धुतलेला, बाह्या खाली सोडलेला, हॅंगरसकट.

वहिनी बराच वेळ त्या शर्टाकडे बघत राहिल्या. मग चहा टाकला. नेहमीपेक्षा एक कप जास्त टाकला, आणि हे आपण करतोय म्हणजे काय करतोय याचा विचार करायचं त्यांनी टाळलं.

“भाऊजी, रात्री इथंच होतात?”

ते बसच्या दारात उभे होते, दाढी करत. “दोन-चार दिवस, वहिनी. पोरं रात्रभर रडतात. सून दमून जाते. मी तिथं पाय पसरले की कुणाच्या तरी अंगावर जातात.” मग घाईघाईनं म्हणाले, “तुम्हाला त्रास नाही होणार. नळाला पाणी तेवढं घेईन.”

मागची लांब सीट त्यांनी झोपायला केली होती. ड्रायव्हरच्या सीटवर काही ठेवलं नव्हतं, एक टॉवेलसुद्धा नाही. बाकीच्या सीटांवर कपडे, स्टोव्ह, औषधाच्या बाटल्या असं ओळीनं मांडलेलं. दोन-चार दिवसांचं सामान ते नव्हतं. वहिनींनी बघितलं आणि कप पुढे केला.

गावाला कळायला वेळ लागला नाही. गिऱ्हाईक मापं द्यायला आलं की मान खिडकीकडे वळायची. “कोण राहतं हो वहिनी तिथं?” विचारणारीला उत्तर ठाऊक असायचं. पोस्टाच्या गल्लीतली एक बाई तर टेप छातीभोवती असतानाच म्हणाली, “बरं आहे, एकट्या बाईला कुणीतरी सोबत.” वहिनींनी टेप जरा जास्तच आवळली.

लेकीचा दर रविवारी फोन यायचा.

“आई, तू त्यांना स्पष्ट सांग.”

“काय सांगू?”

“की इथं राहता येणार नाही. त्यांना मुलगा आहे, घर आहे.”

“अगं, तुला कॉलेजला त्यांनीच—”

“ते मला माहीत आहे. म्हणून काय जन्मभर? लोक काय बोलतात तुझ्या कानावर येत नसेल, माझ्या येतं. इथं शहरात येतं, आई!”

वहिनी ‘बरं’ म्हणायच्या. फोन ठेवून बाहेर यायच्या, सांगायचंच म्हणून. भाऊजी प्लॉटच्या कडेचं गवत कापत असायचे नाहीतर फाटकाच्या बिजागरीला तेल घालत असायचे. “वहिनी, हे फाटक कुरकुरत होतं,” ते म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, “हो ना.” आणि परत आत.

चहाच्या कपामागून ताट गेलं. सुरुवातीला कधीतरी, मग रोज दुपारी. ते पायरीवर बसून जेवत, ताट स्वतः घासून उपडं ठेवून जात. बोलणं फार होत नसे. दोघांनाही बोलायला विषय म्हणजे दादा, आणि दादांचं एकदा सुरू झालं की कुणीतरी एक उठून जायचं, म्हणून दोघंही पावसापाण्याचं बोलत.

पावसाळ्यात बसचं छत गळायला लागलं. भाऊजींनी आत बादल्या मांडल्या. मशीन चालवताना वहिनींना ते पाणी पडताना ऐकू येत नसे, पण आपल्याला ऐकू येतंय असं वाटत राही. एका संध्याकाळी छत्री घेऊन त्या गेल्या.

“भाऊजी, शिवणाच्या खोलीत खाट टाकते. पाऊस ओसरेपर्यंत.”

ते उठून उभे राहिले, डोकं छताला लागू नये म्हणून वाकून. “नको, वहिनी.”

“लोकांचं मी बघेन.”

“लोकांचं नाही हो.” त्यांनी एक भरलेली बादली दाराबाहेर ओतली. “इथं मी माझ्या गाडीत आहे. तिथं आलो की तुमच्याकडे पडून आहे असं होईल. इथं बरं आहे.”

वहिनींनी जुनं मेणकापड होतं ते जोडून शिवून दिलं. मशीनवर ते सरकत नव्हतं, दोन सुया मोडल्या. दूधवाल्यानं शिडी आणून ते छतावर दोरीनं बांधलं. गळती थोडी कमी झाली. मग थंडी आली, आणि भाऊजींना खोकला लागला तो लागलाच. पाय सुजू लागले. बुटाच्या नाड्या सोडून ते चालायचे.

वहिनींनी फरशीच्या दुकानात फोन केला. मुलगा सुट्टी टाकून आला. वहिनींना वाटलं होतं, आल्यावर याला चार शब्द सुनवायचे. पण तो आला तो चप्पल काढून पायरीखालीच उभा राहिला. गालफडं बसलेली, हाताच्या भेगांमध्ये सिमेंट. त्याला बघून त्यांनी आधी पाण्याचा तांब्या आणला.

“काकू, मी आत्ता नेतो त्यांना. पण झोपवू कुठं, ते तुम्ही सांगा. स्वयंपाकघरात बायको आणि पोरं झोपतात, बाहेरच्या खोलीत सासूबाई आल्यात पोरांना सांभाळायला, मी दाराशी. मालक म्हणतो, आणखी माणूस आला तर खोली सोडा.” तो थांबला. “मला कळत नाही असं नाही, काकू. मला सगळं कळतं.”

“अरे, मी कुठं काय म्हणतेय,” वहिनी म्हणाल्या.

तो बसमध्ये गेला, बापाजवळ थोडा वेळ बसला. खोकल्याचं औषध आणलं होतं ते दिलं. जाताना वहिनींना हात जोडू लागला तर वहिनींनीच त्याचे हात धरून खाली केले. त्याच्यावर रागावता येत नव्हतं, सुनेवर येत नव्हतं, त्या जुळ्या पोरांवर तर कसं रागावणार. दिवसभर त्या चिडचिड करत राहिल्या आणि चिडायला माणूस काही सापडेना.

त्याच आठवड्यात एका सकाळी बसचं दार उघडलंच नाही. चहा निवला. वहिनींनी काचेवर टकटक केलं, हाक मारली, मग दार ढकललं. भाऊजी दोन सीटांच्या मधल्या वाटेत पडले होते. शुद्धीवर होते, अंग तापलेलं. “उठत होतो,” ते म्हणाले, जणू उशीर झाल्याबद्दल माफी मागत होते.

दूधवाल्याच्या गाडीत, रिकाम्या कॅनांमध्ये गादी टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या नर्सनं विचारलं, “तुमचे कोण?”

साधा प्रश्न. भाऊ म्हणावं तर भाऊ नाही. दीर म्हणावं तर गावातलंच कुणीतरी मागे बाकावर बसलेलं, ते हसेल.

“शेजारी,” त्या म्हणाल्या.

स्ट्रेचरवर भाऊजींचे डोळे मिटलेले होते. त्यांनी ऐकलं की नाही, हे वहिनींना कधीच कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

ते तगले. पण डॉक्टर म्हणाले, आता एकट्यानं राहणं नाही, बसमध्ये तर नाहीच. सोडायच्या दिवशी मुलगा आला होता, लेकही शहरातून मुद्दाम आली होती. खाटेभोवती सगळे उभे. मुलानं चौकशी करून ठेवली होती. शहरापलीकडे एक वृद्धाश्रम होता, धर्मादाय, तिथं एक खाट रिकामी झाली होती. रिकामी कशी झाली, ते त्यानं सांगितलं नाही.

“चालेल ना, बाबा?” मुलानं विचारलं.

भाऊजी म्हणाले, “चालेल की.” आणि त्यांनी वहिनींकडे बघितलं. मागणं नव्हतं त्या बघण्यात, नुसतं बघितलं. मग मुलानंही बघितलं. मग डॉक्टरांनीही, कारण बाकीचे बघत होते.

घरी तीन खोल्या होत्या. शिवणाची खोली हवेशीर होती. वहिनींच्या तोंडात वाक्य तयार होतं, छोटंसंच, ‘माझ्याकडे राहतील’ एवढं. शेजारी लेक उभी होती, तिनं आईचं कोपर धरलं होतं. दाबलं नव्हतं, नुसतं धरलं होतं. आणि वहिनींना आपले गुडघे आठवले, रात्री-अपरात्री उठवायला लागलं तर कोण उचलणार ते आठवलं, छातीभोवती टेप असतानाच बोललेली ती बाई आठवली. दवाखान्याच्या भिंतीवरचा पंखा फिरत होता.

“गोळ्या जेवणाआधी की नंतर?” त्यांनी विचारलं.

“नंतर,” डॉक्टर म्हणाले. आणि सगळे हलले, पिशव्या उचलू लागले. विषय संपला.

बसचं पुढे लेकीनं मनावर घेतलं. भंगारवाल्याला फोन केला. तो माणसं आणि गॅस कटर घेऊन आला, आधी सीटा उपटल्या, मग पत्रा कापला. मशीनच्या आवाजात तो आवाज बुडेल म्हणून वहिनी नुसतंच पायडल मारत राहिल्या, सुईखाली कापड नव्हतं. मुलानं बापाचे कपडे आणि स्टोव्ह आधीच नेला होता. भंगारवाला दोनदा खिडकीशी आला. “काकू, काही ठेवायचंय का? लोक ठेवतात काहीतरी आठवण म्हणून.”

“गाडी माझी नाही,” वहिनी म्हणाल्या.

महिन्याभरानं त्या आश्रमात गेल्या. एक बस, मग दुसरी बस, मग पायी. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना खाटा, दुपारचे सगळे भिंतीकडे तोंड करून पडलेले. भाऊजी बसून होते. दाढी वेळच्या वेळी झालेली, शर्ट दुसऱ्याच कुणाचा, खांद्यात सैल. वहिनींची नजर आधी शिवणीवर गेली. खांद्याची शिवण आत घ्यायला हवी होती.

“या, वहिनी. एवढ्या लांब कशाला आलात?” त्यांनी खाटेवर जागा करून दिली. त्या बसल्या नाहीत, स्टूल ओढलं.

जेवण बरं असतं म्हणाले. पंखा बरा आहे म्हणाले. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ मास्तर होते, रात्री झोपेत हजेरी घेतात, हे सांगताना थोडे हसले. बसचं सांगावं की न सांगावं याचा विचार वहिनी सगळ्या वाटभर करत आल्या होत्या. भाऊजींनीच विषय काढला.

“पोरानं सांगितलं गाडीचं. बरं झालं. तुम्हाला इतकी वर्षं अडचणच होती.”

“नव्हती हो,” वहिनी म्हणाल्या.

“असं कसं? होतीच. दादा बोलले नाहीत, तुम्ही बोलला नाहीत. मला कळत होतं.” त्यांनी चादरीची सुरकुती हातानं सपाट केली. “मी आपला आज नेतो, उद्या नेतो. चुकलंच माझं.”

भांडायला, रडायला, ‘तुम्ही मला तुमच्याकडे का नाही नेलंत’ असं विचारायला ते मोकळे होते. त्यातलं त्यांनी काहीच केलं नाही. उलट वहिनींचीच समजूत काढत बसले. वहिनींना ते सोसेना. त्यांनी पिशवीतून खाऊचा डबा काढून दिला, शर्टाचं माप नजरेनं घेतलं, आणि शेवटची बस चुकेल म्हणून उठल्या. शेवटच्या बसला अजून पुष्कळ वेळ होता. स्टॉपवरच्या बाकावर त्या तेवढा सगळा वेळ बसून राहिल्या.

पुढच्या खेपेला दोन शर्ट शिवून नेले. त्याच्या पुढच्या खेपेला गुडघ्यांमुळे जमलं नाही, दूधवाल्याच्या भाच्याबरोबर डबा पाठवला. उन्हाळा सुरू होता होता मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, म्हणाला. दोन शर्टांपैकी एक घातला होता आणि दुसऱ्याची घडी मोडलेली नव्हती, हेही त्यानं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “मास्तरांना दे तो दुसरा.” मग फोन तसाच कानाशी धरून राहिल्या. पलीकडे जुळी पोरं कशावरून तरी भांडत होती.

प्लॉट आता सगळा मोकळा आहे. मोकळा प्लॉट बघून लेकीकडे विचारणा येतात. मोकळी जागा विकून टाकू, कोपऱ्यातलं घर राहील, तुला तरी एवढं कशाला हवं, असं ती फोनवर समजावून सांगते, आणि तिचं म्हणणं खोटं नाही. वहिनी ‘बरं’ म्हणतात. हो म्हणाल्या असं नाही आणि नको म्हणाल्या असंही नाही. परवा मोजणीवाला येऊन गेला. लेकीनंच पाठवला होता. त्यानं साखळी पसरली, गवतात चुना टाकला, खुंट्या ठोकत ठोकत घरापर्यंत आला. एक खुंटी थेट शिवणाच्या खिडकीसमोर ठोकू लागला तेव्हा वहिनी मशीन थांबवून बाहेर आल्या.

“ही जरा पलीकडे नाही का होणार?”

“नाही, काकू. ती इथंच येते.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या. तो घामाघूम झाला होता. त्यांनी त्याला पाणी आणून दिलं, आणि तो पिईपर्यंत त्याचा हातोडा धरून उभ्या राहिल्या.